तांब्याचं पाणी

परवा समोरच्या फ्लॅटमधली अनुजा दिवाळीची भेट म्हणून मला तांब्याची बाटली देऊन गेली. पुण्याची पोर आहे, नवराबायको दोघं आयटीत. "काकू, रात्रभर पाणी ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. मस्त डिटॉक्स होतं," असं तिनं इतक्या मायेनं सांगितलं, की मी "हो गं, थँक्यू" म्हणून दार लावून घेतलं आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सारली. त्या पोरीचं काही चुकलेलं नाही. तांब्यातलं पाणी बहुतेकांना काही करत नाही. आमच्या घरात त्यानं काय केलं, का काहीच केलं नाही, हा प्रश्न मात्र माझ्या आईनं मरेपर्यंत सोडला नाही आणि आता तो माझ्याकडे आला आहे. म्हणून माझ्या आठवणींतलं हे प्रकरण त्याच्यासाठी.

आम्ही मूळचे निपाणीकडचे, पण मला कळायला लागलं ते कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, राजाजीनगरातल्या वठारात, म्हणजे चाळीत. एका अंगणाभोवती पाच-सहा बिऱ्हाडं, मध्ये नळ, नळाशी भांडणं. सकाळी सोप्पूवाली पालेभाजीची पाटी घेऊन गळा काढायची, तिच्यामागोमाग गिरणीचा भोंगा व्हायचा आणि भोंग्याबरोबर आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते यशवंतपूरला जळलेल्या विजेच्या मोटारींची तार नव्यानं भरून देण्याच्या कारखान्यात होते. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे तुकडे त्यांच्या शर्टाला चिकटून घरी यायचे. ते उंबऱ्यात उभे राहायचे आणि माझी थोरली बहीण, अक्का, एकेक तुकडा वेचून काढायची. त्या तुकड्यांच्या ती मला अंगठ्या वळून द्यायची. माझ्या दहाही बोटांत अंगठ्या असायच्या आणि मी त्या मिरवत नळावर जायची.

आईचा जीव तिच्या तांब्याच्या घागरीत. लग्नात माहेरून आलेली. माहेर म्हणजे तरी काय, आई ही अण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची मुलगी करायची ही रीतच. घागर एका घरातून निघून दुसऱ्या ओळखीच्याच घरात आली, इतकंच. दर शुक्रवारी ती चिंचमिठानं घासली जायची आणि चुलीशेजारी अशी झळकत बसायची की आलेला माणूस आधी तिच्याकडे बघायचा. प्यायचं पाणी त्यातलंच. घागरीतून पाणी काढायला आणि पाटापाशी न्यायला एक स्टीलचा तांब्या होता, अण्णांना कारखान्यात बक्षीस मिळालेला, त्यावर त्यांचं नावही कोरलेलं होतं. हे सगळं बारीकसारीक सांगते आहे याला कारण आहे.

अक्काचं नाव शकुंतला, पण वठारातली मोठी माणसंसुद्धा तिला अक्काच म्हणायची. तिची रांगोळी बघायला शेजारच्या कमलाक्का पदराला हात पुसत बाहेर यायच्या. ठिपके ती न बघता टाकायची, चिमूट उघडबंद करत, गप्पा मारत, आणि शेवटचा ठिपका पहिल्याच्या बरोब्बर रेषेत पडायचा. त्या वर्षी ठिपके वाकडे जायला लागले. आधी थोडेच. कमलाक्का म्हणाल्या, "स्वल्प झोप कमी झाली का गं अक्का?" अक्का हसली, पुसून पुन्हा घातले. ते पुन्हा वाकडे गेले. मग बशीवर कप वाजायला लागला. मग तिचं बोलणं जाड झालं, तोंडात घास असल्यासारखं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायला लागली, ती अक्का हळूच पदरानं टिपायची आणि आम्ही पाहिलं का हे बघायची. आम्ही बघितलं नसल्यासारखं करायचो.

आणि ते हसणं. कुठेही, कशावरही यायचं. ते यायचं तेव्हा तिचे डोळे हसत नसत, घाबरलेले असत आणि दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या जात. एरवीही तिची मूठ एकदा मिटली की लवकर उघडेनाशी झाली होती, पण हसण्यात तर बोटं तळव्यात रुतायची. हसून झाल्यावर मी तिची बोटं एकेक करून सोडवायची. तिला बघायला गोकाकहून पाहुणे आले होते, पोहे झाले, आणि मुलाचे वडील आपली बायको कशी गेली ते सांगत असताना अक्का हसली. थांबेचना. पाहुण्यांनी चपला घातल्या. आईनं त्यांच्या मागे फाटकापर्यंत जाऊन "तसली नाही हो ती, तसली नाही," म्हणत अक्षरशः हात जोडले. त्या दिवशी आईनं अक्काला मारलं. आधी कधी मारलं नव्हतं.

त्यानंतरचे महिने मला आठवायला नको वाटतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी लग्न करून टाका, आपोआप थांबेल म्हणून सांगितलं. निपाणीच्या आत्यानं करणी काढली आणि लिंबं उतरवली. आईनं डॉक्टरांचंही केलं, आत्याचंही केलं आणि शिवाय स्वतःचं केलं. पोरीच्या अंगात काही राहिलं नाही म्हणून रोज तिळाचा लाडू, भाकरीवर शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा, रविवारी बोकडाचं काळीज आणून फक्त अक्कासाठी परतायची. मला आणि धाकट्या बाळूला नुसता वास. आणि सकाळी उठल्याबरोबर रात्रभर ठेवलेलं घागरीतलं पाणी, पोटभर. "पी गे माझे बाई, यानंच बरं वाटतंय बघ," म्हणत ती पेला अक्काच्या ओठाला धरायची. निम्मं पाणी हनुवटीवरून जायचं. आई परत भरून आणायची.

शेवटी कमलाक्कांनीच अण्णांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी अक्काला चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले, आणि मग एका अंधाऱ्या खोलीत नेऊन तिची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. त्या यंत्रातून प्रकाशाची बारीक फट डोळ्यावर पडत होती. डॉक्टर बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मला बोलावलं, कारण अक्काचा हात मी धरला होता आणि सोडत नव्हते. मी डोळा लावला. बुबुळाच्या कडेनं एक तपकिरी-सोनेरी वलय होतं. मला ते सुंदर वाटलं. अक्कानं माझ्यासाठी वळलेल्या अंगठ्यांच्या रंगाचं होतं ते.

डॉक्टर धारवाडकडचे कानडी गृहस्थ, आम्ही मराठी म्हणून मुद्दाम मोडक्या मराठीत बोलायचे. त्यांनी अण्णांना आणि मला सांगितलं की अन्नातून सगळ्यांच्याच अंगात थोडं तांबं जातं आणि यकृत नको असलेलं तांबं बाहेर टाकतं. अक्काचं यकृत ते टाकत नाही. ते साठतं, यकृतात, मेंदूत, डोळ्याच्या कडेला. खात्री करायला दिवसभराची लघवी हवी होती. पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला आणि त्याला कुठल्याही धातूचं भांडं लावू नका म्हणाले. तो कॅन पिशवीत घालून अण्णा आणि मी सिटी बसनं नेला. अण्णा सबंध वाटभर पिशवी छातीशी धरून उभे होते.

प्रयोगशाळेतल्या मॅडम तरुण होत्या, आणि बहुधा आमची तोंडं बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी आम्हाला आत घेतलं. एका लांब ज्योतीत त्या नमुन्याचा फवारा सोडणार होत्या आणि ज्योतीच्या आरपार एका खास दिव्याचा उजेड जाणार होता. दिव्याच्या आत तांबंच होतं, म्हणून त्याचा उजेडही तांब्याचा. "प्रत्येक धातू फक्त आपलाच उजेड खातो," त्या कानडीत म्हणाल्या. "उजेड किती कमी झाला ते मोजायचं, म्हणजे तांबं किती ते कळतं." आधी यंत्र तपासायला त्यांनी तांबं घातलेलं पाणी सोडलं आणि ज्योत क्षणभर हिरवी झाली. कारखान्यात जुन्या तारा जाळताना हीच हिरवी ज्योत अण्णांनी जन्मभर बघितली होती. ते भिंतीला टेकले. "मी नेलं घरात," म्हणाले. "माझ्या शर्टावरनं गेलं ते." मॅडमनी परोपरीनं सांगितलं, की असं होत नाही, हे जन्मतःच असतं, आईकडून आणि वडिलांकडून अर्धं अर्धं येतं. अण्णा "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिले. त्या दिवसापासून ते अंगणातच कपडे बदलून, आंघोळ करून मग घरात यायला लागले, आणि उंबऱ्यात उभं राहणं संपलं.

माझी भाची, म्हणजे बाळूची मुलगी मेघना, आज इथल्याच एका संशोधन संस्थेत हेच काम करते. ज्योतीच्या जागी आता सूर्यासारखा तापलेला वायू आला, धातूचा एकेक अणू वजनावरून वेगळा ओळखता येतो, आणि कॅन भरून काही न्यावं लागत नाही. कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब पुरतो. तान्ह्या बाळाच्या टाचेतून एक थेंब घेतला की आजार उगवायच्या आधीच कळावा, या खटाटोपात तिची मंडळी आहेत. ती हे सांगते तेव्हा तिचा चेहरा उजळतो आणि मला तिचा अभिमान वाटतो, अगदी ऊर भरून येतो. आणि त्याच वेळी इतका राग येतो, की मी उठून चहा टाकायला जाते. तेव्हा का नाही? आमच्या अक्काच्या वेळी का नाही? तिला विचारून काय उपयोग, तिचा जन्मही झाला नव्हता.

आजाराला नाव मिळालं आणि औषधही निघालं. तांब्याला धरून बाहेर ओढणाऱ्या कॅप्सूल, जेवणाच्या आधी, जन्मभर. आईनं पदर पसरून देवाला नमस्कार केला. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: काळीज बंद, तीळ बंद, शेंगदाणे बंद. प्रत्येक नावासरशी आईचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते म्हणाले, "आणि तांब्याचं पाणी बिलकुल द्यायचं नाही. आजपासून बंद." आई म्हणाली, "आजपासनं बंद." घरी आल्या आल्या तिनं ते केलंही. मी स्वतः बघितलं आणि मला काहीच खटकलं नाही.

कॅप्सूल सुरू झाल्या आणि अक्का बरी व्हायच्या ऐवजी ढासळायला लागली. तिचं बोलणं पूर्ण गेलं. मान एका बाजूला वळायची. घास गिळताना ठसका लागायचा आणि घरातले आम्ही सगळे आपापलं ताट सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. आई घड्याळ लावून कॅप्सूल द्यायची. तिळाचा डबा तिनं कमलाक्कांकडे दिला होता, काळीज नाव काढू देत नव्हती, आणि तरी पोर रोज हातातून जात होती. "आणि काय करू मी? सांग की, आणि काय राहिलंय?" असं ती देवाला विचारायची, अण्णांना विचारायची, भाकरी थापता थापता मला विचारायची. मला त्या घरातून पळून जावंसं वाटायचं.

पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांचाही चेहरा बदलला. त्यांनी कॅप्सूलची चौकशी केली, खाण्याची केली. मग विचारलं, "तांब्याचं पाणी बंद केलंय ना?"

"त्याच दिवशी केलं की," आई म्हणाली. "तांब्या माळ्यावर टाकलाय. हात लावत नाही कुणी. आता थेट घागरीतनंच पेल्यानं देतोय."

डॉक्टरांनी लिहिणं सोडून वर बघितलं. "घागर कसली?"

"तांब्याची. माझ्या लग्नातली."

डॉक्टरांनी मोडकी मराठी सोडून दिली आणि कानडीत सावकाश म्हणाले, "अम्मा, ताम्र. ताम्रद कोडा." तांबं. तांब्याची घागर.

मला आधी कळलं. आईचा हात माझ्या हातात होता आणि तिला कळायच्या आधीचा तो क्षण मला लांबवावासा वाटला. तो बिनदोषाचा स्टीलचा तांब्या, त्यावर अण्णांचं नाव, माळ्यावर उपडा पडलेला. आणि घागर चुलीशेजारी, शुक्रवारी घासलेली. मराठीत तांब्याचं म्हटलं की तांब्याचंच होतं, धातू असो की भांडं. डॉक्टरांनी बरोबर सांगितलं होतं आणि आईनं बरोबर ऐकलं होतं. चूक कुणाची म्हणायची? डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते, की काही लोकांना औषध सुरू केल्यावर असा त्रास होतोच, पाण्यातून जाणारं तांबं त्यामानानं थोडं, त्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकणार नाही. नाही असंही म्हणू शकणार नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. आईनं तेवढंच ऐकलं.

घरी येऊन तिनं घागर अंगणात ओढत आणली. पाणी वाटभर सांडलं. आणि नळाजवळच्या दगडावर ठेवून ती तिला वरवंट्यानं मारायला लागली. सगळं वठार बाहेर आलं. प्रत्येक घावाला घागर घुमायची आणि आई ओरडायची, "माझ्या पोरीला पाजलीस! माझ्या हातानं पाजलीस!" कमलाक्कांनी तिला मागून धरलं, ती हिसडून सुटली. घागर पार चेपून गेली तरी ती मारत होती. दारात भिंतीला टेकवून बसवलेली अक्का हे बघत होती, आणि तिला ते हसू आलं. मुठी गच्च, डोळे घाबरे, आणि हसू. आईनं वरवंटा टाकला आणि अंगणातच बसून कपाळ बडवून घेतलं.

डॉक्टरांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट सांगितली होती. भावंडांना तपासून घ्या. प्रत्येकाला असू शकतं, वरून काही दिसत नसलं तरी. बाळूला आधी अण्णांनी नेऊन आणलं, त्याला नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा आई आडवी आली. "एक पुरे की. दुसरीचं मला कळायलाच नको. ती चांगली आहे, हिंडते फिरते, खाते पिते. तिला त्या डॉक्टरांकडे न्यायचं नाही." खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. मी अक्काकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. रिक्षा दारात उभी होती, अण्णा "चल गे" म्हणत होते, आई हात पसरून दारात. तेव्हा बाजेवरून अक्काचा हात आला आणि तिनं माझं मनगट धरलं. मूठ मिटली. आईनं ती सोडवायचा प्रयत्न केला, एकेक बोट ओढलं, रडली, पण ती मूठ उघडणं कुणाच्याच हातात नव्हतं. अक्का घशातून काहीतरी म्हणत होती, शब्द नव्हते, पण ती दाराकडे बघत होती. शेवटी मला न्यायचं तर दोघींनाच न्यावं लागलं. रिक्षावाला "सरी, सरी, बेगा बनी," म्हणत घाई करत होता. अण्णांनी अक्काला उचलून आत बसवलं आणि मी तिच्या मुठीला बांधलेली मागोमाग चढले.

अक्का त्यानंतरचा उन्हाळा पाहू शकली नाही. एका दुपारी पेज भरवताना ठसका लागला, पेज छातीत गेली, ताप आला. ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या टेबलावर कॅप्सूलची बाटली असते, जेवणाच्या तासभर आधी मी एक घेते, स्टीलच्या पेल्यातल्या पाण्याबरोबर. जन्मभर घेत आले आहे. माझे केस पिकले, मला दोन मुलं झाली, मी नातवंडांना ठिपक्यांची रांगोळी शिकवली. हे सगळं एका मनगटावर आलेलं आहे.

माझा निकाल ऐकायला गेलो त्या दिवशीही अक्का बरोबर होती. तिनं सकाळीच माझं मनगट धरून ठेवलं होतं, तेच मनगट, आणि कुणी सोडवायच्या भानगडीत पडलं नाही. आम्ही इस्पितळाच्या बाकावर बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले आणि या वेळी ते सगळं कानडीत बोलले, एकही मराठी शब्द नाही. हिलाही आहे, म्हणाले. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. डॉक्टर तिच्यापुढे खाली बसले. "अम्मा, ऐका. हिच्या डोळ्यात अजून वलय नाही. मेंदूला काही झालेलं नाही. वेळेवर सापडलं. औषध घेतलं तर ही म्हातारी होईल."

तेव्हा अक्का हसली. मोठ्यानं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. आईनं तिच्या तोंडावर पदर धरला. "हसू नको गे बाई," ती रडत म्हणाली. "आता तरी हसू नको." डॉक्टर म्हणाले, असू दे अम्मा, ते आजाराचं आहे, तिच्या हातात नाही. सगळ्यांनी ते मान्य केलं. आई गेली तेव्हाही तिचा तोच समज होता. मी मात्र त्या वेळी माझ्या मनगटाकडे बघत होते. तिथे तिच्या बोटांचे पांढरे वळ होते आणि हात मोकळा होता. आजाराच्या हसण्यात अक्काची मूठ कधी उघडत नसे.